मराठीतलं फुकट डिजिटल साहित्य शिक्षकखोलीपर्यंत पोचतं, वर्गापर्यंत कसं न्यायचं?

कपाट_क्रमांक_सात (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. ग्रंथपालाचं पद पूर्णवेळ की अर्धवेळ हे पटावर ठरतं, आणि मुंबईतल्या मराठी शाळांचा पट कुठे चाललाय ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

इथला विषय असा. मुलांसाठी मराठीत फुकट आणि कायदेशीर साहित्य आज भरपूर आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पाठ्यपुस्तकं आहेत, 'किशोर' मासिकाचे जुने अंक आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर चित्रकथा आहेत. विश्वकोश आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं आहेत. दीक्षा हे सरकारी शिक्षण-ॲप तर प्रत्येक पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोडच्या रूपात छापलेलंच आहे. यांची नावं न ऐकलेला शिक्षक आमच्या शाळेत एकही नाही. पण तासाला यातलं काही वापरलंय असं फार क्वचित दिसतं.

माझं मत आधीच मांडते, मग तुम्ही ठोका. पोर्टलचा प्रचार करूच नये. प्रशिक्षणात पडद्यावर तीस-चाळीस लिंकांची यादी येते, सगळे मोबाईल वर करून फोटो काढतात आणि तो फोटो गॅलरीत पडून राहतो. शिक्षकाला 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' नको असतं. सोमवारच्या चौथ्या तासाला सातवी ब मध्ये काय दाखवू, एवढंच त्याला हवं असतं. ते शोधून देणं हे ग्रंथपालाचं काम.

सध्या मी टाचणवहीचा, म्हणजे तासाला काय शिकवणार ते शिक्षक आधी लिहितात त्या वहीचा, आधार घेते. पाठ टाचणात 'शैक्षणिक साहित्य' असा रकाना असतोच आणि तो भरताना बहुतेकांची पंचाईत होते. तक्ता, खडू, फळा लिहून किती वर्षं भागवणार? म्हणून मी चिठ्ठी देते. त्यावर इयत्ता, पाठ, साहित्याचं नाव, किती मिनिटं, नेट लागेल की नाही, आणि टाचणात जशीच्या तशी उतरवता येईल अशी एक ओळ. चिठ्ठी कागदाचीच. व्हॉट्सॲपवर पाठवली की सुविचारांखाली गाडली जाते.

तुमच्याकडे काय चालतं? शिक्षकांनीही लिहा, त्यांचं ऐकायचंय.

---

खडूचे_हात

शिक्षकांचं ऐकायचंय म्हणालात म्हणून लिहितो, गोड मानून घ्या.

गणित आणि विज्ञान शिकवतो, दुपार अधिवेशन, वर्गात साठाच्या आसपास मुलं. तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं हजेरी आणि 'सर, याने मारलं' यात जातात. प्रोजेक्टर एकाच खोलीत, त्या खोलीची किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा बँकेत. मुलांची रांग करून तिथे नेणं आणि परत आणणं यात तास संपतो. शिवाय यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, आधारमधल्या नावाच्या चुका, पोषण आहाराच्या नोंदी, मध्येच निवडणुकीचं काम. एवढं झाल्यावर कोणी हसतमुखाने 'सर, एक सुंदर पोर्टल आहे' म्हणालं की माझा रक्तदाब वाढतो.

आणि दीक्षाचं म्हणाल तर शिक्षकांच्या मनात त्याची जागा ठरून गेली आहे. तिथे प्रशिक्षणं पूर्ण करायची असतात. प्रमाणपत्र डाउनलोड झालं की ॲप बंद. त्यात मुलांसाठीही काही आहे हे माहीत असतं, पण बोट तिकडे वळत नाही.

तुमची चिठ्ठीची कल्पना मात्र आवडली. माझ्या अटी तीन. लॉगिन मागणारं काही देऊ नका. दहा मिनिटांच्या वरचं देऊ नका. आणि माझ्या मोबाईलचा डेटा खाणारं देऊ नका, तो मला घरी जाताना बदलापूरपर्यंत पुरवायचा असतो.

---

कपाट_क्रमांक_सात

@खडूचे_हात, गोड मानलं. तुमच्या तिन्ही अटी चिठ्ठीवर छापून घेते.

प्रोजेक्टरचं म्हणाल तर मी त्याच्या नादाला लागणंच सोडलंय. चित्रफीत आधीच पेनड्राइव्हवर उतरवून देते. ज्या वर्गात टीव्ही आहे तिथे तो थेट लागतो. जिथे काहीच नाही तिथे साहित्य छापून.

---

मधली_सुट्टी

किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा बँकेत 😂 सगळ्या शाळांचे मामा एकाच बँकेत जातात का?

बाकी टाचणाच्या मुद्द्याला +१.

---

नव्वद_फुटी

मी महापालिका शाळेत प्राथमिकला शिकवते. धाग्यात सगळे 'मराठी साहित्य' म्हणताहेत, पण मुंबईच्या वर्गातली खरी गोष्ट वेगळी आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर मराठी, वर उर्दू किंवा तमिळ. आणि मराठी माध्यमाच्या वर्गातही घरी भोजपुरी किंवा कन्नड बोलणारी मुलं असतातच.

अशा ठिकाणी स्टोरीवीव्हरचा मला फार उपयोग झाला. तो 'डिजिटल' आहे म्हणून झालेला नाही, हे मुद्दाम सांगते. एकच गोष्ट, तीच चित्रं, पण अनेक भाषांत. मी मराठीतली प्रत वाचते, ज्या मुलीला अजून मराठी जड जातं तिच्या हातात हिंदीतली. चित्र तेच असल्यामुळे ती माझ्याबरोबर पान उलटते. काही दिवसांनी ती हिंदी प्रत बाजूला ठेवते, आपणहून. त्यावर वाचनाच्या चार पातळ्या दिलेल्या आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अनुवाद अनेकांनी केलेले आहेत. काही झकास, काहींची मराठी अशी की मूलसुद्धा 'बाई, असं कोण बोलतं?' विचारतं. आधी स्वतः मोठ्याने वाचून बघायचं, जीभ अडखळली की ती गोष्ट बाद.

आणि हो, वरच्या मजल्यावरच्या उर्दूच्या बाईंना मी हे दाखवलं तेव्हा प्रचार वगैरे काही करावा लागला नाही. त्यांना त्यांच्या भाषेत तीच गोष्ट काढून दाखवली, बस्स. आता दोन्ही वर्गांचा महिन्यातून एक तास एकत्र होतो. एक पान मराठी, एक पान उर्दू. गोंधळ प्रचंड असतो.

---

पुस्तकाचा_वास

मी विरोधी पक्षात. ग्रंथपालांनी मुलांना पुस्तकाकडे न्यायचं की पडद्याकडे? घरी आईचा मोबाईल, बाबांचा मोबाईल, शिकवणीला मोबाईल. शाळेतलं ग्रंथालय ही एकच जागा उरली होती जिथे कागद हाताला लागतो. तिथेही आता क्यूआर कोड चिकटवा. वाचन प्रेरणा दिनाला १५ ऑक्टोबरला मोबाईलवर पुस्तक वाचतानाचे फोटो काढून वर पाठवतात, ते बघून कलामसाहेबांना काय वाटलं असतं?

---

नव्वद_फुटी

@पुस्तकाचा_वास, आमच्या शाळेतलं बालसाहित्याचं कपाट एकदा येऊन बघा. निम्मी पुस्तकं थोर पुरुषांची छोटी चरित्रं, उरलेल्यांची मुखपृष्ठं गेलेली. पहिलीच्या मुलाला वाचता येईल असं, पानावर एक ओळ आणि मोठं चित्र असलेलं पुस्तक त्यात शोधून दाखवा. मी ते नेटवरून घेते आणि छापते. मुलांच्या हातात कागदच पडतो. मजकूर कुठून आला याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं.

---

पुस्तकाचा_वास

बरं, छापून देत असाल तर माझी हरकत निम्मी मागे. निम्मी ठेवतो.

---

दोन_जीबी

एवढी मेहनत कशाला? टेलिग्रामवर मराठी पुस्तकांचे ग्रुप आहेत, हवं ते पुस्तक स्कॅन करून टाकतात. गाजलेले सगळे लेखक आहेत. आमच्या शाळेच्या ग्रुपवर मी रोज एक टाकतो, शिक्षक खूश.

---

कलम_बावन्न

@दोन_जीबी, ते साहित्य फुकट आहे, पण मोकळं नाही. शाळेच्या नावाने चालणाऱ्या ग्रुपवर चोरीची पीडीएफ टाकणं म्हणजे मुख्याध्यापकांना अडचणीत टाकणं. व्यवसायाने वकील आहे, बायको शाळेत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढे जा.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढचं कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ च्या सुरुवातीपासून सर्वांसाठी खुलं आहे. गडकरी, बालकवी, केशवसुत तर कधीच खुले झाले. ते छापा, वाटा, ध्वनिमुद्रित करा, कोणाला विचारायला नको. मात्र नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रं वेगळ्या माणसांची असतात, ती खुली नसतात. पु. ल. गेले २००० साली. म्हणजे २०६० संपेपर्यंत थांबा.

दुसरा प्रकार म्हणजे हयात लेखकांनी स्वतःहून मोकळं केलेलं साहित्य. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असेल तर तळाशी लिहिलेलं असतं. नुसता 'बाय' असेल तर श्रेय द्या आणि काहीही करा. स्टोरीवीव्हरवरचं बहुतेक याच प्रकारचं, म्हणून वरच्या ताई निर्धास्त छापू शकतात. 'एनसी' असेल तर त्यातून पैसे कमवायचे नाहीत. 'एनडी' असेल तर बदल करायचा नाही, अनुवादसुद्धा नाही. 'एसए' असेल तर तुम्ही त्यातून जे कराल तेही त्याच अटींवर द्यायचं.

तिसरा प्रकार, जिथे शिक्षक हमखास गोंधळतात: बालभारतीची पीडीएफ. उतरवायला फुकट आहे, हक्क पाठ्यपुस्तक मंडळाचे आहेत. विद्यार्थ्याला लिंक द्या, काही बिघडत नाही. त्यातली पानं उचलून स्वतःचं मार्गदर्शक छापलंत तर बिघडतं.

आणि शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने एखादा उतारा झेरॉक्स करून वाटला तर घाबरू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याची मुभा आहे. २०१६ साली दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयाने ती बरीच उदारपणे वाचली. पण मुभा शिकवण्यापुरती आहे. रोज एक अख्खी कादंबरी ग्रुपवर टाकणं हे शिकवणं नव्हे.

---

दोन_जीबी

बायको शिक्षिका आणि नवरा वकील, शाळेचं काही खरं नाही. 😅 टाकणं थांबवतो. साने गुरुजी चालतील ना?

---

कलम_बावन्न

धावतील.

---

कपाट_क्रमांक_सात

@कलम_बावन्न, वाचनखूण साठवली. यातलं एक वाक्य चिठ्ठीवर घेते: 'छापायला परवानगी आहे / फक्त लिंक द्या'. शिक्षकांना परवान्याचे प्रकार नकोत, एवढंच पुरे.

---

ओट्यावरच्या_बाई

निवृत्त शिक्षिका. गिरगावात शिकवलं, आता नातवाला सांभाळते आणि तुमचे धागे वाचते.

अगं, तुम्ही सगळे शिक्षकाला 'मुलांसाठी उपयोगी आहे' असं सांगताय. त्याने शिक्षक हलत नाही. उपयोगी गोष्टींचा त्याच्यावर आधीच मारा आहे. त्याला आधी स्वतःला मजा येऊ दे. 'किशोर' १९७१ पासून निघतोय. जुन्या अंकांतून तुमच्या शिक्षकखोलीतल्या पन्नाशीच्या सरांच्या लहानपणचा एखादा अंक काढ, मुखपृष्ठ रंगीत छापून त्यांच्या टेबलावर ठेव. काही बोलू नकोस. माझ्या सुनेने तिच्या शाळेत हे केलं. ज्या गृहस्थांनी जन्मात ग्रंथालयात पाऊल ठेवलं नव्हतं ते मधल्या सुट्टीत येऊन 'यातलं ते चित्रकोडं होतं ना, पुढच्या अंकात उत्तर असायचं, तो अंक मिळेल का' विचारायला लागले. ते इतिहासाचे शिक्षक. आता वर्गात किशोरमधले लेख वाचून दाखवतात.

तुमच्या त्या चिठ्ठ्या ठीक आहेत. पण चिठ्ठीच्या आधी हे.

---

मधली_सुट्टी

बाई, तुम्ही शिक्षण खात्यात सल्लागार का नाही झालात?

---

ओट्यावरच्या_बाई

मला मीटिंगमधला चहा सोसत नाही.

---

मानखुर्द_लोकल

विज्ञानाच्या लोकांसाठी. मुंबईत राहून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात न गेलेले विज्ञान शिक्षक मला भेटतात तेव्हा वाईट वाटतं. मानखुर्दला आहे, टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र, १९७४ पासून. त्यांच्या 'विज्ञान प्रतिभा' प्रकल्पातली आठवी ते दहावीसाठीची पाठ-घटकं संकेतस्थळावर मोफत आहेत. ती तयार उत्तरं देत नाहीत, प्रश्न देतात. त्यामुळे वाचायला वेळ लागतो. परीक्षेच्या तोंडावर कोणाला देऊ नका, मे महिन्यात द्या.

अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ माहीत नसेल तर आजची संध्याकाळ मोकळी ठेवा. टाकाऊतून खेळणी करायच्या चित्रफिती तर आहेतच, पण मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकंही आहेत. @खडूचे_हात, तुमच्या तिन्ही अटी यात बसतात. लॉगिन नाही, चित्रफिती एक-दोन मिनिटांच्या, आणि चित्रफीत न दाखवता फक्त खेळणं करून नेलंत तरी चालतं. स्ट्रॉची शिट्टी करायला प्रोजेक्टर लागत नाही.

नेटच नसेल तर किविक्स. त्यातून मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून जुन्या संगणकावर ठेवता येतो, नंतर नेट लागत नाही. आमच्या शाळेतला धूळ खात पडलेला एक संगणक मी तसा करून ग्रंथालयात ठेवलाय. मराठी विकिपीडियातले लेख कुठे उत्तम, कुठे दोन ओळींचे. मुलं दोन ओळींच्या लेखांना हसतात. हसू द्या. नववीतल्या दोघींना मी म्हटलं, आपल्या भागातल्या खाडीबद्दल हे एवढंसंच आहे, भर घाला. त्या विश्वकोश उघडून बसल्या. संदर्भ म्हणून काय चालतं, काय नाही, हे मी वर्षभर घसा फोडून सांगितलं असतं ते त्यांना त्या आठवड्यात कळलं.

---

खडूचे_हात

स्ट्रॉची शिट्टी साठ मुलांच्या वर्गात? तुम्ही माझी बदली करायला निघालाय. पण बघतो, ध्वनीचा पाठ यायचाच आहे.

---

वरळी_नाका

एक मुद्दा कोणीच घेतला नाही. सर्वसाधारण शाळेत आता दृष्टी कमी असलेली मुलं असतात, आणि त्यांच्या शिक्षकांना 'सुगम्य पुस्तकालय' माहीत नसतं. २०१६ साली सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी, अंध, अल्पदृष्टी आणि तत्सम. मराठी पुस्तकंही आहेत. इथे मात्र नोंदणी लागतेच, कारण कायद्याने ही सवलत फक्त त्या वाचकांसाठी आहे. नोंदणी कशी करायची ते वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये विचारता येईल.

ग्रंथपालांना विनंती: याचा फलक लावू नका. शाळेत अशी मुलं कोण आहेत ते वर्गशिक्षकाला विचारा आणि त्या एका शिक्षकाला, त्या एका पालकाला भेटा.

---

दाखल_नोंदवही

मीही ग्रंथपाल, पूर्णवेळ, पश्चिम उपनगर. @कपाट_क्रमांक_सात, तुम्ही हे सगळं करताय, पण त्याची नोंद कुठे? तपासणीला येणारे साहेब दाखल नोंदवही आणि देवघेव नोंदवही बघतात. वर्षात किती ग्रंथ घेतले, किती दिले. मी महिनाभर खपून ऐंशी गोष्टी निवडल्या, छापल्या, वर्गांना दिल्या. नोंदवहीत शून्य. मुख्याध्यापक चांगले आहेत, पण त्यांनी विचारलं, 'याचा हिशोब काय दाखवू?' नोंद नसलेलं काम माझ्यामागे कोणी चालू ठेवणार नाही.

---

कपाट_क्रमांक_सात

@दाखल_नोंदवही, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आमच्याकडे मुख्याध्यापिकांच्या सहीने एक वेगळी वही सुरू केली, 'डिजिटल साहित्य वापर'. तारीख, इयत्ता, विषय, शिक्षकाची सही. फुकट साहित्याला दाखल क्रमांक द्यायचा प्रश्नच नाही, ते आपल्या मालकीचं नाही. पण छापून शिवलेल्या पुस्तिकांना मी कच्चा क्रमांक देते आणि त्या देवघेवीत धरते. मुलं त्या घरी नेतात, हरवतात, पुन्हा छापते. हरवल्याचा दंड नाही, हे त्यांना कळल्यापासून पुस्तिका पटापट जातात.

दुसरं म्हणजे कपाट. डिजिटलचा कोपरा वेगळा करू नका. पक्ष्यांच्या पुस्तकांच्या फळीवरच एक पुठ्ठा उभा ठेवा: पक्ष्यांवर आणखी काय, कुठे, किती मिनिटांचं. शिक्षक पुस्तक शोधायला त्याच फळीशी येतो.

---

दाखल_नोंदवही

वहीची कल्पना उचलली. पण पुस्तिका छापायला शाई कोण देतं? आमच्या कार्यालयातलं यंत्र परीक्षेच्या पेपरांशिवाय हलत नाही.

---

नव्वद_फुटी

माजी विद्यार्थी. आमच्या वस्तीत एकाचं झेरॉक्सचं दुकान आहे, आमच्याच शाळेतून सातवी झालाय. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की काढून देतो. कागद आमचा. एक पुस्तिका म्हणजे चार-पाच ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी, मध्ये टाचण्या. काळ्यापांढऱ्यातच काढते, मुलं चित्रं रंगवतात.

---

बदली_तास

उशिरा आलो. ग्रंथपाल लोकहो, तुम्हाला दर दुसऱ्या दिवशी गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर पाठवतात ना, त्याची तक्रार करत बसू नका. तोच तुमचा प्रचार. मी तिथे एकच गोष्ट वाचतो, शेवट न सांगता, आणि कुठे मिळेल ते फळ्यावर लिहून येतो. दुसऱ्या दिवशी मुलं वर्गशिक्षिकेच्या मागे लागतात. मी सांगितलेलं शिक्षक ऐकत नाहीत, मुलांनी डोकं खाल्लं की ऐकतात.

---

खडूचे_हात

आमच्या ग्रंथपालबाईंनी हेच केलं होतं बहुतेक! सहावीची मुलं दोन दिवस मला कुठल्याशा कासवाचं काय झालं विचारत होती. मला काय माहीत कासवाचं.

@कपाट_क्रमांक_सात, ध्वनीवरची चिठ्ठी असेल तर इथेच टाका. नेट नको, दहा मिनिटं.

---

कपाट_क्रमांक_सात

टाकते, उद्या शाळेतल्या वहीतून बघून. आणि @मानखुर्द_लोकल, किविक्सची फाइल किती मोठी आहे? आमचा पेनड्राइव्ह सोळा जीबीचा आहे आणि त्यात आधीच वार्षिक संमेलन भरलंय.

---

मानखुर्द_लोकल

चित्रांशिवायची आवृत्ती घ्या, ती लहान असते. आणि संमेलन कुठेतरी हलवा हो, तीन वर्षांपूर्वीचं लेझीम कोण बघतंय.